सहलीच्या रोजमेळात वस्तुसंग्रहालयाचे दोन तास

करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावातील व्यापारी कुटुंब शहराला निघते ते बहुधा कामानिमित्तच. लग्नसराईचा माल भरावयाचा असतो, वडिलांना मोठ्या डॉक्टरांना दाखवावयाचे असते, मुलीच्या महाविद्यालयाची चौकशी करावयाची असते, नाहीतर मामांकडचे लग्न असते. पुणे रस्त्याने तीन-साडेतीन तासांवर. मुंबईसाठी जेऊर किंवा कुर्डूवाडी गाठून रात्रीची गाडी धरावयाची, की सकाळी आपण मुंबईत. निघण्यापूर्वी कामांची यादी होते. तिच्या अगदी तळाशी, मुलांच्या आग्रहास्तव, एक ओळ लिहिली जाते : ‘वेळ उरला तर म्युझियम.’

वेळ उरत नाही. उरलाच तर दिवसाचा शेवटचा पाऊण तास उरतो. हातात पिशव्या, पायांत गोळे, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची घाई आणि तिकीटखिडकीवरचा सेवक सांगत असतो की आत सोडणे आता थोड्याच वेळात बंद होईल. अशा पाऊण तासात कुटुंब सगळ्या दालनांतून एक चक्कर मारते आणि ‘पाहून झाले’ असे म्हणून बाहेर पडते. काय पाहिले, हे आठवड्यानंतर कोणासही सांगता येत नाही.

आपल्या घरांत हिशेबाची एक जुनी शिस्त आहे. धर्मादायाची रक्कम वर्षअखेरीस नफा उरला तर काढू, असे आपल्या वाडवडिलांनी कधी म्हटले नाही. तिचे खाते वहीत आधी उघडले जाई, व्यवहार मागाहून होत. खर्च भागून जे उरेल ते देऊ म्हणणाऱ्याच्या हातून दान घडत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. वेळेच्या बाबतीत मात्र आपण ही शिस्त विसरतो. शहरातील वस्तुसंग्रहालयांत आपल्याच परंपरेची अमोल ठेव आहे. तिच्यासाठी सहलीतील वेळ आधी राखून ठेवावा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

किती पाहावे?

प्रथम थोडे गणित करू. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणून ओळखले जाणारे डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमविण्यास आरंभ केला. बालवयात निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले आणि पुढे हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. प्रत्यक्ष मांडलेल्या सुमारे अडीच हजार. प्रत्येक वस्तूसमोर आपण केवळ १० सेकंद थांबलो, तरी २५ हजार सेकंद होतात, म्हणजे जवळजवळ ७ तास. दहा सेकंदांत वस्तूखालची पाटीदेखील नीट वाचून होत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तर पन्नास हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह आहे. तेव्हा ‘सगळे पाहून घेऊ’ हा विचार हिशेबातच बसत नाही. तो सोडून दिला की मन मोकळे होते.

मग किती पाहावे? दोन तास आणि तीन दालने, हे प्रमाण गृहस्थी कुटुंबास साधारणपणे मानवते. पहिल्या तासात दोन दालने सावकाश, मग दहा-पंधरा मिनिटे बाकावर विसावा आणि उरलेल्या वेळात तिसरे दालन. दोन तासांनंतर डोळे उघडे असले तरी मन पाहात नाही. एका दिवशी दोन संग्रहालये करण्याचा मोह याच कारणाने टाळावा.

सावकाश पाहणे म्हणजे काय, हे करमाळकरांस निराळे समजावण्याची गरज नाही. राव रंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात उभारलेल्या श्रीकमलाभवानीच्या मंदिराचे शहाण्णव खांब, शहाण्णव ओवऱ्या आणि विहिरीच्या शहाण्णव पायऱ्या गावातील प्रत्येक मूल कधी ना कधी मोजते. मोजताना चुकते, पुन्हा खाली उतरते, पुन्हा मोजते. बाहेरगावचा पाहुणा पंधरा मिनिटांत छायाचित्र काढून निघून जातो. त्या मुलाला मात्र पायरी न् पायरी ठाऊक होते. फरक पडतो तो दिलेल्या वेळेमुळे. शहरातल्या दालनातही एखाद्याच वस्तूला असा वेळ दिला, तरी ती जन्मभर आपली होते.

घरातील लहानथोरांस एकदम मुंबईला नेण्यापूर्वी सराव म्हणून धाराशिव जिल्ह्यातील तेर करावे. प्राचीन ‘तगर’ ते हेच. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात तगरचे नाव येते. येथील कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे, अशी त्यात नोंद आहे. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या पुरातन वस्तूंचे संग्रहालय तेथे आहे, आणि धाराशिव शहराजवळ भगवान पार्श्वनाथांच्या मूर्ती असलेली प्राचीन लेणीही आहेत. कापडाचा व्यापार करणाऱ्या घरातील मुलाला आपला धंदा दोन हजार वर्षांचा आहे हे समजणे, ही लहान गोष्ट नव्हे.

मुंबईतील आपली ठेव

आता मुंबईकडे वळू. ज्याला जुनी मंडळी अजूनही ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ म्हणतात, त्या संग्रहालयाची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसविली गेली. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने घुमटाची ती भव्य इमारत रचली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिचा उपयोग लष्करी रुग्णालयासाठी झाला आणि १० जानेवारी १९२२ रोजी संग्रहालय लोकांस खुले झाले. सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांचे वैयक्तिक संग्रह येथे आले. व्यापारातून मिळविलेले धन शेवटी सर्वांच्या दृष्टिसुखासाठी ठेवून जावे, हा त्यांचा धडाही आपल्यासारख्यांनी घेण्याजोगा आहे.

या संग्रहात जैन परंपरेच्या तीन गोष्टी अशा आहेत की केवळ त्यांच्यासाठी करमाळ्याहून मुंबईस जावे. पहिली, भगवान पार्श्वनाथांची लहानशी कांस्यमूर्ती. कायोत्सर्ग मुद्रेत उभी, मागे नागफणा. तिच्या नेमक्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु आज उपलब्ध असलेल्या अतिप्राचीन जैन कांस्यमूर्तींत तिची गणना होते.

दुसरी, श्रवणबेळगोळ येथून आलेली बाहुबलींची कांस्यमूर्ती. हातापायांवर चढलेल्या वेली, खांद्यांवर उतरलेले केस आणि मुखावरची अचल शांती. आपल्यापैकी पुष्कळ जण २०१८ च्या महामस्तकाभिषेकास जाऊन आले असतील. चामुंडरायांनी इ. स. ९८१ च्या सुमारास उभारविलेल्या त्या ५७ फुटी महामूर्तीसमोर मान वर करून पाहावे लागते. येथील मूर्ती उंचीने हातभर आणि त्या महामूर्तीहूनही अधिक जुनी. तिच्याकडे पाहण्यासाठी मान किंचित झुकवावी लागते. महामूर्तीपाशी आपण गर्दीत असतो, येथे बहुधा एकटे. दोन्ही दर्शने ज्याने घेतली, त्याला बाहुबली अधिक कळले असे म्हणता येईल.

तिसरी ठेव म्हणजे सचित्र पोथ्या. पर्युषणात ज्या कल्पसूत्राचे वाचन आपण श्रद्धेने ऐकतो, त्याची शेकडो वर्षांपूर्वी चितारलेली पाने पश्चिम भारतीय चित्रकलेचा आधारस्तंभ मानली जातात. या संग्रहालयाचे संचालक राहिलेले डॉ. मोतीचंद्र यांनी पश्चिम भारतातील जैन लघुचित्रांवर १९४९ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही अभ्यासकांस मार्गदर्शक आहे. ही पाने कशी पाहावीत? आधी आकार पाहावा. पोथी ताडपत्रावर लिहिली जाई तेव्हा पान अरुंद व लांब असे आणि दोरा ओवण्यासाठी त्यास भोक पाडीत. चौदाव्या शतकानंतर कागद सर्रास वापरात आला, भोकाची गरज उरली नाही, तरीही लेखक त्या जागी लाल वा सोनेरी टिळा रेखाटीत राहिले. परंपरा कशी टिकते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. मग चेहरे पाहावेत : मुख एका बाजूस वळलेले, तरी पलीकडचा डोळा चेहऱ्याच्या रेषेबाहेर उमटलेला. शेवटी रंग पाहावेत. पंधराव्या शतकातील पानांवरचा गडद निळा रंग ज्या लाजवर्द खड्याचा, तो अफगाणिस्तानातून येई. सोन्याचा वर्ख व्यापाऱ्याच्या तिजोरीतून.

आणि सर्वांत महत्त्वाचे असते ते पोथीच्या अखेरीस, पुष्पिकेत. कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणत्या श्रावकाने वा श्राविकेने, कोणाच्या पुण्यार्थ ही पोथी लिहवून घेतली, हे तेथे नमूद केलेले असते. शास्त्रदान करणारे ते सराफ, कापडवाले, धान्याचे अडते आपलेच पूर्वज होत. राजवटी बदलल्या, परंतु भांडारांतील पोथ्या टिकल्या, कारण दुकानाच्या नफ्यातील एक वाटा त्यांच्यासाठी आधी काढून ठेवणारी माणसे होती. त्यांनी दिलेल्या धनाच्या मोबदल्यात आपण निदान दोन तास द्यावेत, ही अपेक्षा फार मोठी नाही.

दर्शन आणि अवलोकन

येथे एक नाजूक प्रश्न येतो. काचेच्या पेटीतील तीर्थंकरमूर्ती पाहून घरातील वडीलधाऱ्यांचे मन कष्टी होते. ना प्रक्षाल, ना पूजा, आजूबाजूला पादत्राणे घालून हिंडणारी माणसे. ‘देवाला असे कपाटात काय पाहावयाचे?’ असे आजी म्हणतात, तेव्हा त्यांच्या दुःखात तथ्य आहे. ते हसून उडवू नये.

पण दुसरी बाजूही त्यांना समजावून सांगावी. मंदिरात आपण दर्शन घेतो. तेथे दृष्टी क्षणभर मूर्तीवर ठरते आणि मिटते, भाव अंतर्मुख होतो. डोळे उघडे ठेवून निरखण्याची ती जागा नव्हे. संग्रहालयात त्याच मूर्तीचे अवलोकन करता येते : धातू कसा ओतला, श्रीवत्स आहे की नाही, आसनावर लेख कोणता, लांछन कोठे आहे. एकात भक्ती आहे, दुसऱ्यात ज्ञान; आणि ज्ञानाची उपासना तर ज्ञानपंचमीला वा श्रुतपंचमीला आपण करतोच. मनोमन हात जोडावेत, णमोकार म्हणावा आणि मग निवांत पाहावे. सकाळी मंदिरात दर्शन व त्यानंतर संग्रहालय, असा क्रम ठेवला तर वडीलधाऱ्यांचे मनही निःशंक राहते.

पाहण्यातून काय घडू शकते, याचे उदाहरण आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे शेठ माणिकचंद हे दक्षिणेच्या यात्रेत मूडबिद्रीस गेले. तेथील सिद्धांत-मंदिरातील ताडपत्रीय पोथ्यांचे दर्शन यात्रेकरूंस घडविण्याचा प्रघात होता. लोक नमस्कार करीत आणि पुढे जात. माणिकचंदांनी मात्र त्या पोथ्यांची जीर्ण अवस्था निरखून पाहिली आणि आपली चिंता सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांस कळविली. हिराचंदही पुढे स्वतः मूडबिद्रीस जाऊन आले. उभयतांनी प्रतिलिपी करविण्याचे मनावर घेतले, द्रव्य जमविले आणि शतक संपता संपता ते काम सुरू झाले. कित्येक वर्षांच्या परिश्रमांनंतर षट्खंडागम आणि त्यावरील धवला टीका डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून छापील रूपात समाजाच्या हाती येऊ लागली. यात्रेतील एका व्यापाऱ्याने घाई केली नाही, म्हणून हे घडले. आपल्या हातून एवढे मोठे कार्य होईल असे नाही. परंतु पाहण्याची ती सवय आपल्या मुलांस लावणे आपल्या हाती आहे.

एका दिवसाची आखणी

आता प्रत्यक्ष व्यवहार. चातुर्मासात आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे प्रवास टाळतात, आणि दिवाळीपर्यंत दुकान सोडवतही नाही. तेव्हा कार्तिकी पौर्णिमेनंतरचे दोन-तीन महिने उत्तम. हवा सुखाची असते, पण दिवस लहान असतो, हे ध्यानात ठेवावे. नोव्हेंबरअखेरीस मुंबईत सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही सहालाच बंद होते. ज्यांचा चौविहार आहे, त्यांना संध्याकाळची वेळ संग्रहालयासाठी उपयोगाचीच नाही. म्हणून सकाळ ही खरी वेळ.

रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबईस पोहोचावे. धर्मशाळेत वा नातेवाइकांकडे स्नान उरकून पायधुणीच्या श्रीगोडीजी पार्श्वनाथ मंदिरात किंवा आपल्या परंपरेनुसार जवळच्या जिनालयात दर्शन घ्यावे. नवकारशीनंतर न्याहारी करून सव्वादहाला, दार उघडते त्या वेळी, संग्रहालयाशी हजर असावे. पहिल्या तासात गर्दी कमी असते. शाळांच्या सहली आणि परदेशी पाहुण्यांचे जथे मागाहून येतात. आत जाताच चौकशीच्या खिडकीवर जैन मूर्ती आणि सचित्र पोथ्या सध्या कोणत्या दालनात आहेत हे विचारावे. मांडणी वेळोवेळी बदलत असते आणि जुनी पाने प्रकाशाने फिकी पडू नयेत म्हणून काही काळ आत ठेवली जातात. छायाचित्रांचे नियमही तेथेच विचारून घ्यावेत. साडेबारापर्यंत दोन तास भरतात. मग थेपले-खाकऱ्याचा डबा बाहेर येऊन उघडावा. दालनात खाणेपिणे चालत नाही. उकळलेल्या पाण्याची बाटली सोबत असू द्यावी, मात्र मोठ्या पिशव्या प्रवेशाशी ठेवाव्या लागतात हे लक्षात घेऊन सामान बेताचेच न्यावे.

दुपारी खरेदी. मंगळदास मार्केट, काळबादेवी, झवेरी बाजार हे सर्व टॅक्सीने थोड्याच अंतरावर आहेत. बाजार आधी आणि संग्रहालय नंतर, हा क्रम कधीही ठेवू नये. भावताव करून शिणलेल्या मनाला चित्रातील रेषा दिसत नाही, आणि गाठोडी घेऊन कोणी मूर्तीसमोर उभे राहू शकत नाही. पाचच्या आत भोजन, सायंकाळचे प्रतिक्रमण आणि रात्रीची परतीची गाडी. कामे सारी होतात. फक्त त्यांचा क्रम बदलतो.

मुक्काम दोन दिवसांचा असेल तर दुसऱ्या सकाळी त्याच परिसरात एखादा तास आणखी काढता येईल. १९५२ साली सुरू झालेली जहांगीर कलादालनाची वास्तू संग्रहालयाला लागूनच आहे, प्रवेश विनामूल्य आहे आणि तेथे हयात चित्रकारांची कामे मांडलेली असतात. अनेकदा चित्रकार स्वतः भेटतो. समोरच सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, ते सोमवारी बंद असते. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. सुट्टीचे दिवस निघण्यापूर्वी फोन करून पुन्हा एकदा पक्के करून घ्यावेत. शंभर कोसांवरून जाऊन बंद दार पाहण्यासारखे दुःख नाही. पुण्याला एका दिवसाचीच फेरी असेल तर केळकर संग्रहालय सकाळी दहाला गाठावे, लक्ष्मी रस्त्याची खरेदी त्यानंतर. दोहोंत चालत जाण्याइतकेच अंतर आहे.

लहानांसाठी आणि थोरांसाठी

मुलांना आधी काही सांगून ठेवावे लागते. निघण्याच्या आदल्या रात्री बाहुबलींची कथा सांगावी आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगावरच्या वेली शोधण्यास लावावे. कल्पसूत्राच्या पानावर त्रिशलामातेची चौदा स्वप्ने असली तर ती ओळखून मोजण्यास सांगावी; दिगंबर परंपरेत सोळा स्वप्ने मानतात, हेही त्याच वेळी कळेल. प्रत्येकाच्या हाती एक लहान वही द्यावी. एक वस्तू, तिचे चित्र आणि दोन ओळी, एवढेच काम. केळकर संग्रहालयात आजीला पुढे करावे. तेथील दिवे, अडकित्ते, कुलुपे, स्वयंपाकघरातील भांडी यांविषयी पाटीवर जितके लिहिले आहे त्याहून अधिक आजीला ठाऊक असते. नातवंडे ऐकत राहतात, आणि संग्रहालय घरासारखे होते.

वडीलधाऱ्यांनी सर्व दालने पाहिलीच पाहिजेत असे नाही. एका मूर्तीसमोरच्या बाकावर वीस मिनिटे शांत बसले, तरी त्यांचे तिकीट वसूल झाले असे समजावे. तरुणांनी भ्रमणध्वनी खिशात ठेवून आधी डोळ्यांनी पाहावे. छायाचित्र शेवटी एक काढावे.

यंदा कार्तिकी पौर्णिमेनंतर शहराची वाट धराल, तेव्हा कामांची यादी लिहिताना पहिल्या ओळीत सकाळचे ते दोन तास लिहावेत आणि मग डॉक्टर, माल, लग्न यांची वेळ ठरवावी. परत आल्यावर रविवारी दुकान बंद झाल्यानंतर सर्वांनी एकत्र बसून मुलांच्या वह्या वाचाव्यात. कोणाला काय आठवते ते पाहावे. आणि जे पाहावयाचे राहिले त्याची ओळ पुढच्या वर्षाच्या यादीत आताच लिहून ठेवावी.